व्यसनमुक्तीच्या कामात स्वयंसेवक व्हायचंय: भुसावळच्या ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. भुसावळच्या एक ताई रेल्वेच्या ऑफिसातून नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत. धाकटा भाऊ दारूपायी गेला. शेवटी कावीळ झाली, पोटात पाणी झालं. आता आठवड्यातले दोन दिवस एखाद्या व्यसनमुक्ती संस्थेला द्यावेत असं त्यांच्या मनात आहे. विचारतात: समुपदेशनाचा कोर्स केलेला नाही, तर मला काम काय मिळेल? बाईमाणसाने अशा ठिकाणी जावं का? संस्था बरी की वाईट हे ओळखायचं कसं? आणि घरचे म्हणतात, "एक दारुडा सांभाळून झाला, आता गावभरचे सांभाळणार का?", त्यांना काय सांगू?

ताई, मी जळगाव-धुळ्याकडे या कामात बरीच वर्षं आहे. समुपदेशक म्हणून सुरुवात केली. आता नवे स्वयंसेवक तयार करणं, आणि काहींना हात जोडून घरी पाठवणं, हे माझ्याकडे असतं. त्यामुळे गोड बोलून बोळवण करत नाही, जे आहे ते सांगतो.

तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा वॉर्ड असेल. समोर पेशंट बसलाय, तुम्ही त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगताय, त्याच्या डोळ्यांत पाणी आलंय. खरं सांगायचं तर वॉर्डात तुमच्यावाचून फारसं अडत नाही. तिथे डॉक्टर येतात, सिस्टर-ब्रदर असतात, समुपदेशक असतो, आणि स्वतः पिऊन सोडलेली माणसं कामाला असतात. पुण्याचं मुक्तांगण अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलं, तिथेही बरे झालेले पेशंटच पुढे कार्यकर्ते झाले. अशा माणसाने "मी पण गादीखाली क्वार्टर लपवायचो" म्हटलं की समोरचा हसतो आणि बोलायला लागतो. तुमच्या-माझ्या बोलण्याने तसं होत नाही. मी कधी घेतलेली नाही. नवा पेशंट शुद्धीवर आला की विचारतोच, "सर, तुम्ही कधी टाकली का?" मी म्हणतो, नाही, म्हणून तर तुला विचारतोय. पण तोवर त्याने मला जोखलेलं असतं.

माणसं कमी पडतात ती फाटकाबाहेर. महिना-दीड महिना केंद्रात राहून माणूस निघतो. अंगावर मांस आलेलं असतं, भूक लागते, झोप लागते, बायकोशी दोन शब्द नीट बोलतो. एसटीने गावात उतरतो. स्टँडवर तेच मित्र, स्टँडसमोर तेच देशीचं दुकान, आणि घरात सावकाराचा निरोप येऊन पडलेला. केंद्राकडून पुढे काय? पंधरा दिवसांनी गोळ्यांसाठी या, एवढं. बरेच जण येत नाहीत. भाडं नसतं, मजुरी बुडते, किंवा मधेच एकदा घेतलेली असते आणि तोंड दाखवायची लाज वाटते. त्या लाजेतच पुढची सहा महिने दारू सुरू राहते. समुपदेशकाकडे आतले पेशंट असतात, तो किती जणांच्या मागे फिरणार? इथे तुमच्यासारखी दोन दिवस देणारी, फोनवर नीट बोलणारी, वही ठेवण्याची सवय असलेली व्यक्ती हवी असते. ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला मी त्यामुळे कधी नाही म्हणत नाही.

गरज किती मोठी आहे ते एका आकड्यावरून कळेल. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू घेतात आणि साधारण ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असं त्यात आहे. मला सगळ्यात जास्त लागला तो पुढचा आकडा: दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांत ३८ जणांमागे एकालाच कसले का होईना उपचार मिळाले, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० मागे एकाला. खाटा वाढवून हे भरून निघणारं नाही. गावात, फोनवर, आशाताईंच्या ओळखीने जे होईल ते खरं.

आता काम कसं करायचं ते. पाठपुरावा म्हणजे "पीत नाहीस ना?" विचारायला केलेला फोन, अशी नव्या मंडळींची समजूत असते. हा प्रश्न आधी विचारलात की पुढचं सगळं खोटं ऐकाल. झोप कशी लागते, भूक कशी आहे, सकाळी गोळी कोण देतं, कामावर जातोस का, हातात पैसे किती असतात आणि कुणाकडे ठेवतोस, संध्याकाळी सहा ते नऊ कुठे असतोस, हे विचारायचं. या सहा-सात उत्तरांत कळायचं ते कळतं. ज्याची झोप गेली, जो जेवणावरून घरात चिडायला लागला आणि ज्याने पिणं सोडलेल्यांच्या मीटिंगला जाणं सोडलं, तो अजून प्यायला नसला तरी वाटेला लागलेला असतो. हे सगळं वहीत तारीख टाकून लिहायचं आणि त्याच दिवशी समुपदेशकाच्या कानावर घालायचं. तुम्ही उपाय सांगत बसायचं नाही.

आणि फोन कधी करायचा, हे आपल्याकडच्या पंचांगावर ठरतं. पुण्या-मुंबईच्या छापील तक्त्यात हे मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवाळीच्या आगेमागे कापसाचा पहिला पैसा हातात येतो. वर्षभर उधारीवर जगलेल्या माणसाच्या खिशात एकदम नोटा आल्या की त्याला स्वतःचाच भरवसा राहत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी कापूस घालायला बायकोला किंवा मुलाला सोबत न्यावं, हे आम्ही आधीच ठरवून घेतो. मग थंडी पडते आणि भरीत पार्ट्या सुरू होतात. तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, आणि विहिरीच्या पलीकडे, थोडं अंधारात, दुसरी पंगत. आमचा माणूस भरताला गेला आणि दुसऱ्या पंगतीतून परत आला, असं दर हिवाळ्यात होतं. "जाऊ नकोस" म्हणणं सोपं आहे, पण भाऊबंदकीत न जाऊन चालत नाही. मग आदल्या दिवशी फोन करून त्याच्याशी बेत करायचा: घरून पोटभर खाऊन निघ, लहान मुलाला सोबत घे, भाकरी थापायच्या वेळेला जा आणि जेवण झालं की लगेच ऊठ, कुणी आग्रह केला तर "गोळ्या चालू आहेत, डॉक्टरने सांगितलंय मरशील" एवढंच बोल. "मी सोडली" म्हटलं की चारचौघं पैज लावायला बसतात; डॉक्टरचं नाव घेतलं की निदान थोडे मागे हटतात.

लग्नसराईत हळदीची रात्र धोक्याची, लग्नाचा दिवस त्या मानाने बरा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि गावोगाव पारावर पत्ते पडतात. पत्त्यांसोबत बाटली येतेच, आणि हरलेला माणूस जिंकलेल्यापेक्षा जास्त पितो. पोळ्याला बैलाच्या निमित्ताने सालदाराला "बक्षीस" म्हणून दारूच पाजणारे मालक अजून आहेत. चाळीसगाव तालुक्यातून, नंदुरबारकडून ऊसतोडीला टोळ्या जातात. निघायच्या आधी मुकादमाची उचल मिळते आणि ती अर्धी गावातच संपते. मग फडावर पाचटाच्या खोपीत चार-पाच महिने. तिथे आपला फोनही धड लागत नाही, म्हणून अशा पेशंटच्या गोळ्यांची सोय आणि टोळीतल्या एखाद्या समजूतदार बाईचा नंबर, दोन्ही जाण्यापूर्वी करून घ्यावं लागतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर पंधरा दिवस फुकट वाहते. त्या काळात एक-दोघांना आम्ही सरळ बहिणीच्या गावी पाठवून दिलंय. तुमच्या भुसावळात रेल्वेवाल्यांचं वेळापत्रक वेगळं: पगाराचा आठवडा, आणि रनिंग स्टाफ, म्हणजे गाडीवर जाणारा ड्रायव्हर-गार्ड, असेल तर बाहेरगावच्या मुक्कामाची रात्र. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल, आणि म्हणूनच रेल्वे कॉलनीतल्या घरांसाठी तुम्ही मला हव्या आहात.

बाईमाणसाने जावं का? जावं. पण पुरुषांच्या वॉर्डात बसायला जाऊ नये. घरच्या बायकांसाठी जावं. पेशंटची बायको, आई, मोठी मुलगी यांच्याशी आमचा पुरुष समुपदेशक बोलायला गेला तर त्या पदर सावरून "बरं आहे" एवढंच म्हणतात. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलात की खरं काय ते बाहेर येतं.

असंच एक घर सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून. पाचोऱ्याकडचं गाव. नवरा केंद्रातून येऊन काही महिने झालेले, पुन्हा सुरू झालेली. मी ओट्यावर त्याच्या वडिलांशी बोलत होतो, आमच्या स्वयंसेविका आत होत्या. घरची बाई आधी काही बोलेना. मग तिने मिसळणाचा डबा काढला, हळदीच्या वाटीखालून गोळ्यांची पट्टी काढली आणि विचारलं, "ताई, ह्या बरोबर शेत ना?" रोज सकाळी अर्धी गोळी कुटून ती चहात घालत होती. त्याला माहीत नव्हतं. गोळी डायसल्फिरामची होती. शेजारणीच्या नवऱ्याची उरलेली. मागच्या आठवड्यात तो पिऊन आला, तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, घामाने चादर ओली. घरच्यांनी मानलं की औषध लागू पडलं.

हे औषध चांगलं आहे, पण ज्याला दिलं जातंय त्याला ठाऊक असेल आणि डॉक्टरांनी हृदय, यकृत तपासून दिलं असेल तरच. ते पोटात असताना दारू गेली तर रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असलं तर जीव जातो. गोळी बंद केल्यावरही जवळपास दोन आठवडे धोका राहतो. "रोग्याच्या नकळत दारू सोडवा" म्हणून भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती, आठवडे बाजारात मिळणारी पुडी, यात कधी काय असेल सांगता येत नाही. आमच्या ताईंनी त्या बाईला रागावलं नाही, तिथेच त्यांचं शहाणपण दिसलं. "तू जीव वाचवायलाच करत होतीस" म्हणाल्या, पट्टी मागून घेतली, संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना दाखवली. पुढचं डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून केलं. ही पट्टी मला कधीच दिसली नसती.

यालाच जोडून एक गोष्ट पाठ करून ठेवा, कारण इथे चांगल्या मनाचा स्वयंसेवक माणूस मारू शकतो. ज्याचे सकाळी हात थरथरतात, पहिली घेतल्याशिवाय ज्याला चहाचा कप धरवत नाही, अशा माणसाला "आजपासून बंद कर, देवाची शपथ घे" असं कधीही सांगायचं नाही. दारू थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, पोलीस आले म्हणून पळत सुटतो, ताप, घाम, दिवस-रात्र कळत नाही. घरचे समजतात बाहेरचं काही लागलं आणि भगताकडे नेतात. यात वेळ गेला तर माणूस दगावतो. दवाखान्यातच बंद करायची, डॉक्टरांच्या गोळ्यांवर. आणि कुणी दारूडा अशक्त झाला म्हणून गावात नुसती ग्लुकोजची बाटली लावत असेल तर विचारा, बी-१ दिलं का? जुन्या पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व संपलेलं असतं. ते आधी न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

पाय मोडला म्हणून सिव्हिलला दाखल झालेल्या माणसाचं पिणं घरचे लाजेने लपवतात, तेही बघाल. तिसऱ्या दिवशी हाडांच्या वॉर्डात तो सलाईन उपटून उभा राहतो आणि मग धावपळ. "रोज किती पितो ते डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगा", हे एक वाक्य घरोघरी पोहोचवलंत तरी पुष्कळ झालं.

झोपेच्या गोळ्यांनाही हेच लागू. मालेगाव-धुळे पट्ट्यात पोरं जिला कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलाम असते. ती एकदम तोडली तरी झटके येतात. गांजाचं, खोकल्याच्या औषधाचं, स्टेशनवरची पोरं नशेसाठी हुंगतात त्या सोल्युशनचं काम वेगळं आहे. त्यात सुरुवातीला पडू नका. स्टेशनवर असं मूल दिसलं तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, कळवा.

संस्था कशी ओळखायची? तुम्ही बँकेत खातं उघडायला गेल्यासारखं निवांत बसून प्रश्न विचारा आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा. नोंदणी कुठली आहे? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू-नशेपायी होणारे मानसिक आजार धरलेले आहेत, त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. मनोविकारतज्ज्ञ कोण, कोणत्या वारी येतात? रात्री झटका आला तर कुठल्या दवाखान्यात नेता? घरच्यांना भेटू देता का, आणि एकटं बोलू देता का? "पहिले एकवीस दिवस भेट नाही, फोन नाही" असं कोणी म्हटलं तर कारण विचारा. "आम्ही घरून उचलून आणतो, चार पोरं पाठवतो" ही सोय म्हणून सांगितली जात असेल तर चहा न घेता उठा. मारहाण, कुलूपबंद खोल्या, साखळी, पेशंटकडून संडास धुऊन घेण्याची "शिक्षा", हे आपल्या भागात ऐकायला मिळत नाही असं नाही. आत गेल्यावर असं काही दिसलं तर संस्थाचालकाशी वाद घालत बसू नका. काय बघितलं, कधी बघितलं ते लिहून काढा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे व मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे लेखी द्या. अमानुष वागणुकीपासून संरक्षण हा त्या कायद्याने पेशंटला दिलेला हक्क आहे.

चांगल्या केंद्राचं एक साधं लक्षण सांगू? तिथे स्वयंपाकघर बघू देतात.

आता तुमच्या स्वतःच्या कुंपणाबद्दल. पैसे द्यायचे नाहीत. एसटीच्या भाड्याचे पन्नास रुपयेसुद्धा तुमच्या पर्समधून नकोत. संस्थेच्या खात्यातून तिकीट काढून द्या. तुम्ही एकदा दिलेत की पुढचा फोन तब्येतीचा येणार नाही, अडचणीचा येईल, आणि तुम्ही नाही म्हटलंत की त्याला प्यायला निमित्त सापडेल. कामासाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि रात्री आठनंतर बंद ठेवा. रात्री अकराला पिऊन रडणाऱ्या माणसाशी बोलून काही हाती लागत नाही. सकाळी त्याला आठवतही नाही. खरंच जिवावर बेतलं असेल, जीव देईन म्हणत असेल, तर १०८ किंवा ११२ ला फोन, आणि घरच्यांना कळवणं. एरवी रात्री-बेरात्री कुणाला बोलायचंच असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. हे दोन्ही नंबर घराच्या कॅलेंडरवर लिहून द्या.

घरभेटीला एकट्या जाऊ नका. त्या गावच्या आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाई सोबत असल्या की दार उघडतं आणि शेजारपाजारही "तब्येत बघायला आल्या" एवढंच समजतो. बाईला मारहाण होत असल्याचं दिसलं तर त्याला "दारूच्या भरात होतं" म्हणून सोडू नका. दारू सुटल्यावरही मारणारे असतात. महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर आणि जवळच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता तिच्याकडे असायला हवा, मग नवरा पीत असो की सोडलेला असो.

भुसावळ केवढंसं! भाजी बाजारात पेशंट भेटला तर तुम्ही आधी हाक मारायची नाही. त्याने ओळख दाखवली तर हसायचं. सोबत तुमच्या मैत्रिणी असतील आणि त्यांनी विचारलं "कोण गं?", तर ओळखीचे आहेत. बस. आणि फोटो अजिबात नकोत. २६ जूनला अंमली पदार्थविरोधी दिन असतो, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्यसनमुक्ती सप्ताह असतो. या दिवसांत शाल-श्रीफळ देऊन "व्यसनमुक्त झालेल्यांचा सत्कार" करायची पुढाऱ्यांना फार हौस. माझा याला विरोध आहे आणि त्यावरून मी बऱ्याच जणांची नाराजी घेतली आहे. आठ महिने कोरडा असलेल्या माणसाला स्टेजवर हार घातला, व्हॉट्सअॅपच्या गटांत फोटो फिरला, आणि दहाव्या महिन्यात तो घसरला, तर तो परत कुठल्या तोंडाने येईल? घसरण या आजारात होतेच. मधुमेहवाल्याची साखर वाढली तर आपण त्याचा पंचनामा करत नाही. घसरलेला माणूस चार दिवसांत आपल्याकडे परत आला पाहिजे, सगळी धडपड त्याचसाठी आहे. हार घातलेला माणूस परत यायला सहा महिने लावतो.

सातपुड्यात जायची वेळ आली तर, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, चोपडा-यावलचा डोंगराकडचा भाग, तिथे आपलं शहाणपण खाली ठेवून जा. मोहाची धार देवाला दिल्याशिवाय तिथली पूजा होत नाही, भोंगऱ्या-होळीला ती असतेच. त्यावर भाषण द्याल तर पुढच्या वेळी गावात कुणी बसायला खाट टाकणार नाही. देवाची धार वेगळी आणि रोज सकाळपासून देशीच्या बाटलीवर जगणारा माणूस वेगळा, हा फरक तिथल्या म्हाताऱ्यांना पक्का माहीत आहे. त्यांनाच विचारा, ते सांगतात कुणाच्या घरी जायचं ते. पावरी किंवा भिली बोलणारी मुलगी सोबत घ्या. खाली शिंदखेडा-साक्रीकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा घरांत त्यांची बोली. यातली जी तुम्हाला येत असेल ती बोला. "आते बरं शे ना?" म्हटल्यावर जो मोकळेपणा येतो तो "आता आपली प्रकृती कशी आहे" ने येत नाही.

दारूबंदीचा मोर्चा काढायला गावच्या बायका तुम्हाला बोलावतील. महिलांच्या मतदानाने दुकान बंद करायची सोय महाराष्ट्रात आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होतं. त्या लढाईला माझा पाठिंबा आहे, पण संस्थेच्या नावाने आणि पाठपुराव्याच्या दिवशी तिथे जाऊ नका. दुकानदार आणि पेशंट एकाच गावात राहतात. आपण एका बाजूचे दिसलो की चोरून पिणारा आपल्यापासूनही लपायला लागतो. शिवाय नवापूरकडे या. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गुजरातेत दारूबंदी आहे आणि तरीही तिकडचे पेशंट आमच्याकडे येतात.

आता जरा अवघड विषय. भावाला जाऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझी पद्धत अशी आहे की घरात असा मृत्यू झाला असेल तर वर्ष उलटल्याशिवाय मी कुणाला पेशंटच्या घरी पाठवत नाही. तोवर नोंदवह्या, गोळ्यांचा हिशेब, दाखल्यांसाठी तहसीलच्या फेऱ्या, पेशंटच्या पोरांच्या शाळेची फी, असलं काम देतो. ते काम कमी दर्जाचं नाही; खरं तर त्याच कामाला कुणी मिळत नाही. कारण असं की पहिल्या वर्षात समोरचा प्रत्येक पेशंट तुम्हाला भाऊ वाटेल. तो सुधारला तर तुम्ही हवेत जाल, तो प्यायला तर भाऊ दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटेल, आणि त्याला ते तुमच्या आवाजात ऐकू येईल.

म्हणून आधी स्वतःसाठी एक करा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, तुम्हाला माहीत असेल. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सांभाळत सुरू केलेली ती संगत. फी नाही, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. त्यांच्या बंद सभा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात. खुल्या सभेला तुम्ही बसू शकता. पण तुमची जागा अल-अॅनॉनमध्ये आहे. ती पिणाऱ्यांच्या घरच्यांची संगत, १९५१ पासूनची. पिणारा माणूस हयात असलाच पाहिजे अशी तिथे अट नाही. तुम्ही भावासाठी बाटल्या ओतून दिल्या असतील, साहेबांपाशी खोटं बोलला असाल, वहिनीशी भांडला असाल. हे ऐकून मान डोलावणाऱ्या बायका तिथे भेटतील. आमच्या कामाला लागायच्या आधी दोन-तीन महिने तिथे बसलेली स्वयंसेविका वेगळी ओळखू येते. ती सल्ले कमी देते.

घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यांनीही सोसलंय. कुठे जाणार, कोणासोबत, किती वाजता परत, हे पहिल्यापासून स्पष्ट सांगा आणि पाळा. पेशंटच्या गोष्टी घरी सांगायच्या नाहीत, पण दमून आलात तर "आज दमले" एवढं सांगायला हरकत नाही. प्रवासखर्च संस्थेकडून घ्या, संकोच करू नका. स्वतःच्या पेन्शनमधून खर्च करणारे स्वयंसेवक वर्षभरात गळतात. आणि यजमानांना एकदा खुल्या सभेला घेऊन या. बहुतेक केंद्रांत महिन्यातून एकदा कुटुंबांचा दिवस असतो, त्याला आणलंत तरी चालेल. मागच्या रांगेत बसू द्या, कुणाशी ओळख करून द्यायची घाई करू नका. येताना कागदपत्रांत आधारची प्रत आणि दोन फोटो लागतील. ओळखपत्र मिळेपर्यंत कुठल्याही घरी जायचं नाही.